तिसऱ्या मजल्यावरची कबुली

“ब्रेक मी पाहिला होता, आणि ब्रेकनं मला पाहिलं होतं.”

एवढं एकच वाक्य मिस्त्री कोर्टात बोलला आणि आठ वर्षं घेऊन आला. वकिलाने कपाळाला हात लावला. पहिलं अर्धं ठीक होतं, तो म्हणाला, दुसरं अर्धं कशाला बोललास? न्यायाधीशांनी लेखनिकाला विचारलं, “शेवटी काय म्हणाला तो?” लेखनिकाला ते लिहिण्यासारखं वाटलं नाही. निकालपत्रात आरोपीचं म्हणणं म्हणून ‘ब्रेक पाहिला होता’ एवढंच उरलं, आणि तेही खोटं ठरलं.

मिस्त्री लिफ्टचा मिस्त्री. बापही लिफ्टचाच. दोघांनी मिळून गावातल्या निम्म्या इमारती वर-खाली चालत्या ठेवल्या होत्या. माणूस लिफ्टमध्ये शिरला की आरशात स्वतःला बघतो, भांग नीट करतो, पोट आत घेतो. गच्चीवरच्या अंधाऱ्या खोलीत कुणी काय करून ठेवलंय याचा विचार करत नाही. करूही नये, बाप म्हणायचा. लोक आपला विचार करायला लागले, की समज आपलं काहीतरी चुकलं.

त्या गच्चीवरच्या खोलीत मोटर असते, आणि मोटरीच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन लोखंडी जबडे. तो ब्रेक. जबड्यांना आतून लायनर लावलेलं असतं, ते झिजतं. किती झिजलं ते बघायचं तर झाकणाचे चार बोल्ट काढावे लागतात. झाकण जड, हात काळे होतात, पाठीला रग लागते, आणि हे सगळं होताना बघायला कुणी नसतं. म्हणून बापाने पोराला एकच नियम घालून दिला होता : उघडून बघ, मग वहीत खूण कर. न उघडता खूण करणारे त्याच्या लेखी माणसांत जमा नव्हते.

तर असा हा मिस्त्री. एका फर्निचरवाल्याच्या चार मजली दुकानात महिन्याची तपासणी करून, वहीत खूण करून घरी गेला. दुसऱ्या दिवशी मालकाने सहा माणसांच्या लिफ्टमध्ये वीस माणसांच्या वजनाच्या संगमरवरी फरशा रचल्या आणि त्या सांभाळायला एक हमाल आत उभा केला. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट सुटली. हमाल गेला. पोलीस येईपर्यंत फरशाही गेल्या. तज्ज्ञ आला, त्याने तळमजल्यावर उभं राहून वर पाहिलं आणि ब्रेककडे दुर्लक्ष झाल्याचा अहवाल लिहिला. मालकाने शपथेवर सांगितलं की हा मिस्त्री वर जाऊन नुसता बसायचा.

“चोर सोडून संन्याशाला सुळी,” मिस्त्रीची थोरली बहीण म्हणाली. तिला तो ताई म्हणायचा, आणि घरात ती आणि म्हातारे वडील एवढीच माणसं होती.

“मी कसला संन्यासी,” मिस्त्री म्हणाला. “मला फक्त ते लायनर दाखवा म्हणावं.”

लायनर भंगारात गेलं होतं.

तुरुंगात शिरताना एका मोठ्या नोंदवहीत त्याची नोंद झाली. एका रकान्यात गुन्हा : लिफ्टच्या देखभालीत प्राणघातक हलगर्जी. शेजारच्या रकान्यात येत असलेलं काम : लिफ्टची देखभाल. दोन्ही रकाने एकाच पानावर, एकाच ओळीत, एकमेकांना खेटून. पण तुरुंगाच्या अधीक्षकसाहेबांना एका वेळी एकच रकाना वाचायची सवय होती.

तुरुंगाच्या कचेरीला तीन मजले आणि एक जुनी लिफ्ट होती, जाळीच्या दाराची. बाहेरची कंपनी तिची देखभाल करायची, पण त्यांच्या माणसाची फाटकावर तीनदा झडती व्हायची, पाने-पकडी एकेक मोजून घ्यायचे, आणि एकदा जाताना एक पाना कमी भरला म्हणून त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. पाना त्याच्याच खिशात निघाला. त्यानंतर तो आला नाही. लिफ्ट बंद पडली. अधीक्षकांनी नोंदवही मागवली, बोट फिरवत फिरवत कामाच्या रकान्यात खाली आले आणि थांबले.

“अरे, हा तर आपल्या घरचाच निघाला!” ते म्हणाले.

अशा रीतीने, लिफ्टकडे दुर्लक्ष केल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या हाती तुरुंगाने आपली लिफ्ट सोपवली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिस्त्री गच्चीवर जायचा, चार बोल्ट काढायचा, लायनरवरून बोट फिरवायचा, वहीत खूण करायचा. सोबतचा शिपाई सावलीत बसून जांभया द्यायचा. पाच वर्षांत लिफ्ट एकदाही अडकली नाही. आत एक पाटी लावली होती, तपासणीची तारीख आणि खाली मिस्त्रीची सही. आरसा त्या पाटीच्या समोरच होता, त्यामुळे पाटी कुणी वाचली नाही.

निम्मी शिक्षा झाली की मुदतीआधी सुटकेसाठी अर्ज करता येत असे. अर्जांचा निकाल लावायला एक मंडळ होतं. ते तिसऱ्या मजल्यावर बसायचं, कारण त्यांना लागणारं लांबलचक टेबल इमारत बांधतानाच वर नेलं होतं आणि आता ते कुठल्याही दारातून बाहेर निघत नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष अंगाने भरलेले, गुडघ्यांनी कामातून गेलेले. दोन शिपाई धरून त्यांना लिफ्टपर्यंत आणायचे. तिथून पुढे त्यांना मिस्त्री वर न्यायचा, म्हणजे त्याचं बोट लायनरवरून फिरलेलं असायचं म्हणून ते वर पोचायचे. वर पोचून ते मिस्त्रीला विचारायचे, तू ब्रेककडे का पाहिलं नाहीस?

पहिल्या वेळी मिस्त्रीने सरळ उत्तर दिलं. पाहिलं होतं, म्हणाला.

“मेलेल्या माणसाचं वाईट वाटतं का?” मंडळावरच्या बाईंनी विचारलं. त्या समाजकार्य करून थकलेल्या होत्या.

“रोज वाटतं, बाई.”

“म्हणजे कबूल?”

“वाईट वाटायला कबूल कशाला व्हावं लागतं?”

बाईंनी अर्जाकडे पाहिलं. तिथे पश्चात्तापासाठी रकाना होता : आहे, अंशतः आहे, नाही. दुःखासाठी रकाना नव्हता. कोण कुठला हमाल, त्याचं नाव मिस्त्रीला निकालपत्रातून कळलं होतं, आणि तेव्हापासून तो माणूस त्याच्या डोक्यात एका बंद लिफ्टसारखा दोन मजल्यांच्या मध्ये लटकून राहिला होता. पण हे कुठे लिहिणार? बाईंनी ‘नाही’वर खूण केली. उघडून न बघता.

दुसऱ्या वेळीही तेच. निकालाच्या कागदावर लिहून आलं : ‘अर्जदार गुन्हा मान्य करीत नाही, सबब तो पुन्हा करण्याचा धोका संभवतो.’ वडिलांना भेटायला पंधरा दिवसांचा पॅरोल मागितला, तोही याच वाक्याने फेटाळला. सहीशिक्क्यासह.

“तू नक्की काय पुन्हा करणार, असं वाटतं त्यांना?” कोठडीतल्या सोबत्याने कागद उलटा-सुलटा करत विचारलं.

“ब्रेक बघणार,” मिस्त्री म्हणाला.

हा सोबती घरफोड्या. सगळे त्याला तिजोरी म्हणत. तिजोरी तीनदा तुरुंगात आला होता, तिन्ही वेळा मंडळापुढे ढसाढसा रडला होता आणि तिन्ही वेळा मुदतीआधी सुटला होता. सध्याची त्याची चौथी खेप.

“मिस्त्री, खरं बोलून या दारातून कोण बाहेर पडलंय? मला बघ.”

“बघतोय की. तू आत आहेस.”

“आत आहे, पण जायच्या बोलीवर आहे. तू आहेस राहायच्या बोलीवर. आणि ऐक, रडताना बाईंकडे बघायचं. त्यांच्या शेजारचा मेंबर जेवणानंतर झोपलेला असतो, त्याच्यावर एक थेंबही फुकट घालवायचा नाही.”

मिस्त्री हसला. पण त्या महिन्यात ताई भेटायला आली आणि त्याचं हसू गेलं.

भेटीच्या खोलीत मध्ये काच होती आणि काचेला भोकं होती. ताई त्या भोकांना तोंड लावून बोलायची, त्यामुळे तिचे डोळे कधी दिसत नसत, फक्त कपाळ.

वडील विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग गल्ली, मग आई जाऊन नऊ वर्षं झाली हे. ताईला ते आईच्या नावाने हाक मारू लागले होते. एक गोष्ट मात्र रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला न चुकता विचारायचे : पोरगा कामावरून आला का? ताई म्हणायची, नाही आला अजून, काम लांबलंय. ते म्हणायचे, बरोबर, लिफ्ट म्हटली की वेळ लागायचाच. आणि गप्प बसायचे. पाच वर्षं मिस्त्रीचं काम लांबलेलं होतं आणि म्हाताऱ्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

“या आठवड्यात चार दिवस विचारलंच नाही रे,” ताई म्हणाली.

“म्हणजे?”

“सहा वाजले, सात वाजले. नुसते भिंतीकडे बघत बसले. मीच म्हटलं, बाबा, पोरगा यायचाय अजून. तर म्हणाले, कुणाचा?”

मिस्त्री काचेच्या आणखी जवळ सरकला.

“काल परत विचारलं. पण डॉक्टर म्हणतात, आता असंच. एक दिवस येणार, दोन दिवस जाणार. मग जे जाणार ते जाणार. तीन वर्षांनी तू येशील आणि दारात एक अनोळखी माणूस उभा राहील, दोन्हीकडून.” ती थांबली. “बोलून टाक ना रे. पाप लागलं तर माझ्या माथी.”

“बाबांच्या हाताखाली शिकलो मी. मी ब्रेक उघडला नाही असं कुठल्या तोंडानं सांगू?”

“बाबांना मी सांगणार नाही.”

“कळलं त्यांना तर?”

“कळलं तरी राहणार आहे का त्यांच्या लक्षात, वेड्या?”

दोघं एकदम हसली. तसं हसणं बरं नसतं. शिपायाने घड्याळाकडे बोट दाखवलं.

मिस्त्रीने त्याच आठवड्यात पश्चात्तापाच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग वाचनालयात भरायचा. शिकवायला एक समुपदेशक बाई यायच्या, हसतमुख, हातात छापील पुस्तिका. पश्चात्तापाच्या पाच पायऱ्या होत्या आणि शेवटी वीस गुणांची परीक्षा. तिजोरी कायम एकोणीसवर असायचा. “एक गुण मी कापतेच,” बाई म्हणायच्या, “नाहीतर सुधारायला वाव राहत नाही.” सुधारायला वाव ठेवून तिजोरी दर खेपेला बाहेर पडत असे.

“तुम्ही आलात, फार बरं वाटलं,” बाई मिस्त्रीला म्हणाल्या. “सांगा बघू, त्या दिवशी काय केलंत?”

“ब्रेक पाहिला नाही.”

“शून्य.”

“का?”

“मोघम आहे. मंडळाला मोघम पश्चात्ताप चालत नाही. तपशील हवा. कुठे बसला होता, काय करत होता, मनात काय होतं. डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे. आणि एकदाच चुकलं, असं कधीही म्हणायचं नाही. एकदाच म्हटलं की त्यांना वाटतं काहीतरी लपवतोय. सवय होती म्हणायचं. सवय मोडली की माणूस सुधारला, एकदाच केलेलं काय मोडणार?”

आता मिस्त्रीला हलकं काम येतच नव्हतं. खोटं बोलायचं ठरलं तर तेही चार बोल्ट काढून, आतपर्यंत हात घालून. त्याने रोज दुपारी भिंतीला टेकून तो दिवस नव्याने बांधायला घेतला. त्यात एक दुसरा मिस्त्री होता, त्याच्याच उंचीचा, त्याचेच कपडे घातलेला. तो गच्चीवरच्या खोलीत जायचा, उलट्या बादलीवर बसायचा, सोबत आणलेला चहा प्यायचा आणि झाकणाकडे बघायचा. हात स्वच्छ. मिस्त्रीने त्याला बारकावे दिले : त्याच्या चहाला साखर जास्त, त्याचा डावा बूट घट्ट, त्याला त्या दिवशी घाई नव्हती, नुसता कंटाळा होता. जसजसा तो माणूस खरा होत गेला तसतसा मिस्त्रीला त्याचा तिटकारा येऊ लागला. पण त्याला आपलं तोंड तर उसनं द्यायलाच हवं होतं. परीक्षेत त्याला एकोणीस मिळाले.

“माझ्या पंगतीला आलास!” तिजोरी म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

मंडळाची तारीख सोमवारी पडली, महिन्याच्या पहिल्या. मिस्त्री सकाळी गच्चीवर जाऊन ब्रेक बघून आला, हात धुतले, आणि जेवणानंतर तिसऱ्या मजल्यावर उभा राहिला. बाहेर फाटकाजवळच्या बाकावर ताई येऊन बसली होती. तिने निरोप पाठवला होता : काल विचारलं, परवा नाही.

अध्यक्ष लांबलचक टेबलामागे मधोमध. उजव्या हाताला मंडळावरच्या बाई, त्यांच्या पलीकडे झोपलेले मेंबर, डाव्या हाताला कारकून, मोठं रजिस्टर आणि शिक्का. अधीक्षक भिंतीला लागून खुर्चीवर.

“हं, बोल,” अध्यक्ष म्हणाले. “या वेळी काही वेगळं आहे का? का पालथ्या घड्यावर पाणी?”

“वेगळं आहे, साहेब. मी ब्रेक पाहिला नव्हता.”

अध्यक्ष पुढे झुकले. बाईंनी पेन उघडलं.

आणि मिस्त्री सांगत गेला. आवाज त्याचा, माणूस दुसरा. वर गेलो, म्हणाला. दार आतून लावून घेतलं. बादली पालथी घातली आणि बसलो. चहा होता सोबत. झाकण समोर होतं, चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम. पण म्हटलं, कोण बघतंय? वीस मिनिटं बसलो, म्हणजे खाली वाटावं की काम केलं. मग पाना नुसताच आपटला दोन-चारदा लोखंडावर, आवाज जावा म्हणून. खाली आलो, वहीत खूण केली, सही केली. मालक म्हणाला, ठीक आहे ना? म्हटलं, एकदम ठीक.

“आणि कुणाला कळलं नाही?” बाईंनी विचारलं.

“कसं कळणार, बाई? लिफ्ट तर चालतच असते. ब्रेक जायच्या आदल्या दिवशीही ती तशीच चालते. आतल्या माणसाला काहीसुद्धा कळत नाही.”

“असं एकदाच झालं?”

मिस्त्रीने एक श्वास घेतला.

“नाही. सवयच होती.”

झोपलेल्या मेंबरनी डोळे उघडले.

खोलीत समाधान पसरलं. पाच वर्षं जे कुलूप उघडत नव्हतं ते उघडलं होतं. बाईंनी रुमालाने डोळे टिपले आणि ‘आहे’वर इतकी ठसठशीत खूण केली की ती खालच्या कागदावरही उमटली. अध्यक्षांनी मान डोलावली. “खरं बोललं की किती हलकं वाटतं, बघ,” ते म्हणाले आणि सही केली. कारकुनाने शिक्का मारला, रजिस्टरमध्ये क्रमांक टाकला. आजच संध्याकाळी पाचपर्यंत सुटका. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं : ‘अर्जदाराने दिलेली माहिती खोटी आढळल्यास हा आदेश रद्द समजावा.’

“एक शेवटचा रकाना राहिलाय, साहेब,” कारकून म्हणाला. “तुरुंगात केलेलं उपयुक्त काम.”

“हां, सांग रे. सुतारकाम? बागकाम?”

“इथली लिफ्ट बघतो, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “पाच वर्षं.”

कारकुनाने लिहिलं. ‘इथली लिफ्ट’ लिहून त्याचा हात थांबला.

अध्यक्षांनी ते वाक्य आधी कानाने ऐकलं, मग हळूहळू गुडघ्यांनी. त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

“कुठली लिफ्ट?”

“ही. तुम्ही आत्ता आलात ती.”

सगळ्यांची तोंडं अधीक्षकांकडे वळली. अधीक्षक छताकडे बघत होते. “कुशल मनुष्यबळाचा वापर,” ते पुटपुटले, “असं परिपत्रक आहे.”

“अहो, पण याचा गुन्हा!”

“तो दुसऱ्या रकान्यात होता, साहेब.”

“मी सकाळपासून दोनदा वर-खाली केलं त्या लिफ्टनं,” जागे झालेले मेंबर म्हणाले. आजवर मंडळात ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. “पाच वर्षं करतोय!”

“आदेश फाडा,” अध्यक्ष म्हणाले.

“फाडता येत नाही, साहेब. क्रमांक पडला,” कारकून म्हणाला. “रद्द करता येईल, पण मग कारण लिहावं लागेल. कबुली खोटी होती असं लिहायचं का?”

“खोटी कशी असेल? इतका तपशील! खोटं कुणी इतकं नीट बोलतं का?”

“मग खरी असेल तर आदेश बरोबर आहे, साहेब.”

“आणि लिफ्ट?”

या प्रश्नासाठी कारकुनाकडे रकाना नव्हता.

बाई उठून दाराशी गेल्या, जिना बघून आल्या. तीन मजले, साठ पायऱ्या, कठडा एका बाजूला तुटलेला. अध्यक्षांना खुर्चीसकट उचलून न्यायचं तर चार माणसं लागतील, अधीक्षकांनी हिशेब केला. तिजोरी अंगाने दणकट आहे, आणखी तिघं बघू. अध्यक्षांनी स्वतःकडे पाहिलं, मग चार घरफोड्यांच्या खांद्यावरून एकेक पायरी उतरणारी स्वतःची खुर्ची डोळ्यांसमोर आणली आणि घाम पुसला.

मग ते मिस्त्रीकडे वळले. आवाज बदलला होता.

“हे बघा, मिस्त्री. तुम्ही बसा ना. अहो, खुर्ची द्या त्यांना.”

मिस्त्री बसला नाही.

“झालं गेलं ते झालं. ते काही आम्ही उकरून काढत नाही. पण इथला ब्रेक… इथला तर तुम्ही बघत असालच? उघडून?”

मिस्त्री उभाच होता. सकाळी बोटावरून धुतलेल्या काळ्या वंगणाची एक रेघ नखाच्या कडेला अजून होती. हो म्हटलं, तर खूण करून आजवर जी सही केली ती खरी. पण मग सवय होती हे खोटं, बादली खोटी, चहा खोटा, आणि त्या बारीक अक्षरांप्रमाणे ताईला बाकावरून एकटीलाच परत जावं लागणार. नाही म्हटलं, तर आज सकाळी पाहिलेल्या ब्रेकवर त्याच्याच तोंडाने थुंकायचं. एकदा थुंकून झालं होतं. ते म्हाताऱ्यासाठी होतं. दुसऱ्यांदा कुणासाठी, या गुडघ्यांसाठी?

“नुसती मान हलवा,” अध्यक्ष म्हणाले. “रजिस्टरमध्ये काही येणार नाही. हे आपल्यातलं. ए, पेन खाली ठेव रे.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं.

“मिस्त्रीसाहेब,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्या खोलीत कैद्याला साहेब म्हटलं गेल्याचं अधीक्षकांनाही खटकलं नाही. “तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे मी. खरं काय ते सांगा. तुम्ही बोललात ते खरं की ही लिफ्ट खरी?”

पाच वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. कोर्टाने विचारला नव्हता, तज्ज्ञाने विचारला नव्हता, बाईंनी पेन उघडून विचारला नव्हता. आता विचारणाऱ्याला उत्तर खरोखर हवं होतं. इतकं, की त्याच्या ओठांवर घाम साचला होता. मिस्त्रीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याला त्याचा राग आला नाही. एक भला मोठा माणूस तिसऱ्या मजल्यावर अडकला होता, एवढंच दिसलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. घर इथून तासाभराच्या अंतरावर होतं.

मिस्त्रीने टेबलावरचा शिक्क्याचा कागद उचलला, घडी घातली, खिशात ठेवली आणि वळला.

“अहो! हो का नाही? काहीतरी बोला!”

शिपाई त्याच्यामागोमाग बाहेर आला. मिस्त्रीने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट वर आली, आत दिवा लागलेला, आरसा रिकामा. शिपायाने लिफ्टकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. “तू हो पुढं,” तो म्हणाला, “मी आलोच,” आणि पायऱ्यांकडे पळाला. मागे दारात बाई, अधीक्षक, कारकून आणि जागे झालेले मेंबर दाटीवाटीने येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्या मागून खुर्ची ओढल्याचा आवाज येत होता. मिस्त्री आत शिरला, जाळीचं दार ओढून घेतलं, आणि एक शब्दही न बोलता खाली गेला.